पंखा माझा, भास मावशींचा

अन्याय झाला तो कोपरीच्या सुमनमावशींवर. गेल्या वर्षी, होळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर. साहेबांनी त्यांच्या तक्रारीच्या कागदावर एक ओळ लिहिली आणि ती मोठ्याने वाचून दाखवली: "तक्रारदार महिला वयस्कर असून त्यांना आवाजाचा भास होत असण्याची शक्यता नाकारता येत नाही." मावशी समोरच्याच खुर्चीत होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

पत्रक कसं लिहायचं हे मी कॉलेजात असल्यापासून शिकलेय. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला आणि कधी. दुसऱ्या ओळीत तो कोणी केला. तिसऱ्या ओळीत मागणी. चौथी ओळ आली की लोक कागदाची पुडी करून त्यात शेंगदाणे बांधतात. आजवर शंभरेक पत्रकं लिहिली असतील मी, दुसऱ्या ओळीला कधी अडले नाही. नावं तोंडावर असायची. या एका पत्रकाची दुसरी ओळ मात्र माझ्याच्याने कित्येक महिने लिहवली नाही. कारण तिथे साहेबांचं नाव येत नाही, कंपनीचंही येत नाही. तिथे माझं नाव येतं, आणि एका पंख्याचं. पंखा केवढा? रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुझ्या कामातले गमतीदार अनुभव लिही. दिवाळी आहे, फार ओरडू नकोस." गमतीदार आहेत, तेही सांगते. न ओरडण्याचं मात्र कबूल केलेलं नाही.

माझं काम आवाज मोजायचं. डोंबिवलीत पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत आमची संस्था आहे. हो, आवाज मोजणाऱ्यांचं ऑफिस गिरणीच्या डोक्यावर. हसून घ्या, सगळेच हसतात. लोक आवाजाची तक्रार करतात, कचेरी पुरावा मागते, आणि लोकांकडे पुरावा म्हणून फक्त कान असतात. कानाची झेरॉक्स निघत नाही. म्हणून आम्ही तक्रारदाराच्या खिडकीत एक डबी बसवतो. ती दिवसरात्र आवाज मोजते आणि आकडे लिहून ठेवते. त्यांचा आलेख काढून आम्ही कचेरीत जातो आणि भांडतो.

गिऱ्हाइकं एकेक असतात. कळव्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी समोरच्या लग्नाच्या हॉलविरुद्ध डबी लावून घेतली. आठवड्याने आलेख दाखवला तर त्या खिडकीतला दिवसातला सगळ्यात मोठा आवाज सकाळी आठला, त्यांच्याच कुकरच्या शिट्टीचा. बराच वेळ चष्मा वरखाली करून ते म्हणाले, "एवढा बिंदू खोडता येईल का?" म्हटलं, "नाही सर." "म्हणजे मी आता वरणभात सोडायचा?" डोंबिवलीच्या एक काकू रोज दुपारी डबीशी बोलत बसायच्या. मी समजावलं, "काकू, तुमचं बोलणं तिच्यात राहत नाही. किती मोठ्याने बोललात तेवढंच राहतं." काकू म्हणाल्या, "मग मोठ्याने बोलते. काहीतरी राहील."

आता ती डबी काय असते ते सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आत एक हिरवी पाटी असते, एटीएम कार्डाएवढी. तिच्यावर अख्खा कॉम्प्युटर मावलेला असतो. इंग्रजीत त्याला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात, आम्ही नुसतं पाटी म्हणतो. पाटीच्या मध्ये नखाएवढी चिप असते आणि काम करताना ती तापते. फार तापली की स्वतःच मंदावते, आणखी तापली की बंद पडते. आमच्या कार्यकर्त्यांना एवढं शहाणपण असतं तर किती बरं झालं असतं.

चिपला गार ठेवायचे दोन मार्ग. एक म्हणजे पंखा: डबीला भोकं पाडायची आणि छोटा पंखा लावून गरम हवा बाहेर हाकलायची. दुसरा म्हणजे धातूची डबी. तिच्यात काहीच फिरत नाही, काही हलत नाही. तिच्या झाकणाला आतून एक ठोकळा असतो, तो चिपवर टेकतो. चिपची ऊब ठोकळ्यात, ठोकळ्यातून सगळ्या डबीत आणि डबीच्या अंगावरून हवेत. ना भोक, ना आवाज.

आम्ही पंखेवाली घेतली. प्लास्टिकची, पारदर्शक, आत निळा दिवा. लोकांना बघायला आवडायची. शिवाय प्लास्टिकमधून वायफाय आरपार जातं, त्यामुळे आकडे घरबसल्या माझ्या मोबाईलवर यायचे. कोणाच्या घरी पुन्हा जायला नको. बैठकीच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: "डबी: पंखेवाली. एकमताने."

माईक त्याच डबीत होता, पंख्यापासून दोन बोटांवर.

तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट कळली नाही? नाही कळली. तो पंखा सारखा फिरत नसे, चिप तापली की मगच फिरे. आम्ही डबीची चाचणी घेतली ती डिसेंबरच्या थंडीत. तेव्हा तो बराच वेळ फिरलाच नाही. आणि फिरला असेल तेव्हा खाली गिरणीवर कोणाचे तरी गहू दळून निघत होते.

आता सुमनमावशी. सत्तरी ओलांडलेल्या. घर कोपरीत, खाडीच्या अंगाला, वर पत्रा. मागचं दार उघडलं की तीन पायऱ्या, मग चिखल, मग तिवरांची झुडपं, मग पाणी. यजमान बाळारामकाका होडी घेऊन खाडीत जायचे. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. तिवरांच्या पलीकडे काँक्रीट बनवायचा प्लांट आला तो त्यांच्यानंतर. दिवसभर मिक्सर चाले. रात्री मिक्सर थांबे, पण गाड्या भरणं चालूच. रविवार तेवढा शांत.

तक्रार लिहायला मी त्यांच्या ओट्यावर बसले तेव्हाचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

"काय लिहू मावशी?"

"लिही, मना भरती ऐकायची हाय."

"असं लिहून नाही चालत."

"का गो?"

"भरती ऐकणं म्हणजे काही हक्क नाही ना. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, असं काहीतरी सांगा."

"झोप लागते मना. बीपी नाय. भरती ऐकू येत नाय."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी कधी घड्याळ बघून चूल पेटवली नाही. मागच्या दारी भरतीचं पाणी चढायला लागलं की त्याचा आवाज यायचा. तो आला की होडी परत निघाली असं समजायचं आणि भात चढवायचा. भात निवायच्या आत काका दारात. काका गेल्यावरही त्या भात भरतीलाच चढवत राहिल्या. प्लांट आला आणि आवाज गेला. "आता कदी बी जेवते," त्या म्हणाल्या. "जेवन हाय, टायम नाय."

मी हे सगळं ऐकलं, मान हलवली आणि कागदावर लिहिलं: "ध्वनिप्रदूषणामुळे तक्रारदाराच्या आरोग्यावर विपरीत परिणाम होत आहे." त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी विचारलं, "ही कोन बाय?"

खिडकीत डबी बसवली. दोन आठवड्यांत आलेख आला आणि मी खोलीत अक्षरशः उडी मारली. काय सुंदर डोंगर होता! सकाळी चढायला लागलेला, दुपारी दोनला शिखर, संध्याकाळी उतार. मिक्सर चालायची वेळ अगदी तीच. आम्ही तो पत्रकावर छापला, वर मोठ्या अक्षरात मथळा: "हा डोंगर कोणाचा?" कोपरीच्या बाजूला ठाणे स्टेशनबाहेर उभं राहून मी स्वतः वाटला.

उत्तर कचेरीत मिळालं.

प्लांटचे मॅनेजर अगदी मऊ बोलणारे गृहस्थ. हात जोडून म्हणाले, "मॅडम, हा कागद तुमचाच ना?"

"आमचाच. आणि खरा आहे."

"खराच असणार. यात रविवारचा आलेख दाखवता का जरा?"

मी पान उलटलं. रविवार मी कधी नीट बघितलाच नव्हता. मला हवा तो डोंगर इतर सहा दिवसांत मिळाला होता. रविवारीही तोच डोंगर होता. तोच चढ, दुपारी दोनला तेच शिखर.

"रविवारी आमच्याकडे फक्त वॉचमन असतो," मॅनेजर म्हणाले. "तो घोरतो, मान्य आहे. पण एवढं नाही घोरत हो."

सगळे हसले. साहेबही हसले. मी त्या डोंगराकडे बघत होते. सकाळी चढतो, दोनला शिखर, संध्याकाळी उतरतो. हा प्लांटच्या कामाचा आकार नव्हता, हा उन्हाचा आकार होता. ऊन चढलं की पत्रा तापतो, पत्रा तापला की चिप तापते, चिप तापली की पंखा फिरतो, आणि माईक पंख्यापासून दोन बोटांवर. दोन आठवडे मी माझाच पंखा मोजला होता.

हे मला बारा वाजून दहा मिनिटांनी कळलं. साहेब तेव्हा पेनाचं टोपण काढत होते. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं: "साहेब, थांबा. चूक आमच्या डबीची आहे, बाईंची नाही." दहा शब्द भरत नाहीत. स्टेशनबाहेर मेगाफोन नसला तरी माझा आवाज पार रिक्षा स्टँडपर्यंत जातो. त्या खोलीत तो निघाला नाही.

त्या वेळी मी स्वतःला सांगितलेलं कारण असं: कळव्याचं, डोंबिवलीचं, आणखी काही प्रकरणं याच डब्यांवर उभी आहेत, आत्ता बोलले तर सगळी कोसळतील. कारण चांगलं भारदस्त आहे. खरं कारण लहान आहे. मला लाज वाटली. मॅनेजरसमोर वाटली. मावशींची वाटली नाही.

जिना उतरताना मावशीच म्हणाल्या, "चल गो, उसाचा रस पिऊ. तोंड बग कसं झालंय तुजं."

त्या आठवड्यात आम्ही सगळीकडच्या डब्या उतरवल्या. कारण काय सांगितलं लोकांना? "देखभालीसाठी." दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याच्या दारात घोषणा दिल्या असत्या.

मग सुरू झाला बिनपंख्याच्या डबीचा शोध. कल्याणच्या दुकानदाराने समोर ठेवलेली पहिली डबी म्हणजे दोन पंखे आणि सात रंगांचे दिवे. "ताई, लेटेस्ट आहे. मुलं वेडी होतात."

"पंखा नकोय मला. एकही नको."

"मग गरम होणार ना ताई."

"होऊ दे."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लाटण्याशिवाय पोळपाट मागितलाय. शेवटी मागच्या कपाटातून धुळीचे दोन खोके काढले.

पहिल्या खोक्यातली डबी नावाला धातूची. पातळ पत्रा, आतून चिपला कुठे टेकतच नव्हती. म्हणजे पत्र्याच्या पेटीत कॉम्प्युटर कोंडून उन्हात ठेवल्यासारखं. बाल्कनीत ठेवली तर तासाभरात पाटी रडकुंडीला आली. दुसरी चांगली जाड अॅल्युमिनियमची, अंगावर उभ्या पट्ट्या, हातात वजन लागणारी. तीही तासभर उन्हाच्या कडेला, सावलीत ठेवली आणि हात लावून बघितला. गार! मी ऑफिसच्या ग्रुपवर लिहून मोकळी: "मिळाली! थंडगार राहते." संध्याकाळी उघडून बघते तर पाटी दुपारीच बंद पडलेली.

ती घेऊन मी डोंबिवली एमआयडीसीत पाटकर काकांकडे गेले. काकांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आमच्या पेट्यांचे स्क्रू, पट्ट्या तेच करून देतात. त्यांनी डबी तळहातावर घेतली, मांजराचं पिल्लू घेतल्यासारखी.

"काय म्हणतेस, गार होती?"

"एकदम गार, काका. तरी बंद पडली."

"'तरी' नाही, 'म्हणून' बंद पडली. भाकरी भाजते तेव्हा तवा गार असतो का गं? डबी गार याचा अर्थ ऊब आतच अडकली. चांगली डबी हाताला गरम लागली पाहिजे. चटका नाही, पण हात पटकन काढावासा वाटला पाहिजे."

मग त्यांनी झाकण उघडलं. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये रबरासारखी मऊ चकती लावायची असते, ऊब नीट पलीकडे जावी म्हणून. चकती होती. तिच्यावरचा पारदर्शक कागदही होता. काकांनी नखाने तो सोलला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"हा काढायचा असतो. आतल्या सूचनापत्रकावर लिहिलंय बघ, चित्रासकट."

"वाचलं नाही मी ते."

"तू?" काका म्हणाले. "लोक तुझी पत्रकं वाचत नाहीत म्हणून इथे येऊन तासतासभर बोंब मारतेस, ती तू?"

त्यानंतर काकांनी माझी शिकवणीच घेतली. ठोकळा चिपवर पूर्ण टेकतो का ते उजेडासमोर धरून बघायचं, मध्ये केसाएवढी फट दिसली तरी डबी परत करायची. पट्ट्या उभ्या राहतील अशीच डबी बसवायची, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाते. ऊन थेट पडू द्यायचं नाही, वळचणीखाली ठेवायची. खाडीच्या खाऱ्या हवेत उघडं अॅल्युमिनियम पांढरं फुलतं, म्हणून काळा मुलामा दिलेली घ्यायची. आणि माईक डबीत ठेवायचाच नाही, वायरीने खिडकीबाहेर काढायचा. मी सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हटलं, "पण काका, धातूतून वायफाय नाही जात. आकडे मोबाईलवर कसे येणार? दर आठवड्याला घरी जाऊन मेमरी कार्ड काढून आणावं लागेल."

"मग जा की. पाय दिलेत ना?"

त्या एका वाक्यासाठी मी पाटकर काकांची आयुष्यभर ऋणी आहे.

वैशाखात मी काळी डबी घेऊन कोपरीला गेले. ती मावशींच्या खिडकीशी, वळचणीखाली बसवली, माईक बाहेर काढला, स्टुलावरून उतरले आणि एका दमात सांगून टाकलं. "मावशी, तो आवाज माझ्या पंख्याचा होता. मला तिथेच कळलं होतं. मी बोलले नाही."

मावशी मासे साफ करत होत्या. हात थांबला नाही. "मना म्हाईत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुज्या डबीत माशी घोंगावते ती. दुपार झाली की सुरू. मी म्हटलं पोरीची मशीन हाय, तशीच असंल."

"मग तिथे का नाही बोललात? साहेबांनी भास लिहिलं तुमच्यावर!"

"सगल्यांसमोर तुजी काय इज्जत रवली असती गो?"

त्या खोलीत पाच माणसं होती. त्यांतल्या एकाच माणसाला नीट ऐकू येत होतं, आणि भास झाल्याचा शिक्का नेमका तिच्यावर बसला. तिने तो माझ्यासाठी बसू दिला.

मी म्हटलं, उद्याच कचेरीत पत्र देते, चूक कबूल करते. मावशी म्हणाल्या, "जाव दे आता. कशाला तमाशा?" आणि मी ते जाऊ दिलं. त्यांच्या चांगुलपणाच्या आड लपणं किती सोपं होतं. वैशाख गेला, पावसाळा गेला. पत्र लिहिलं नाही.

पण दर रविवारी कार्ड आणायला जात राहिले. आधी पाच मिनिटांसाठी जायचे. मग चहापुरती. मग जेवायलाच. प्लांट बंद असायचा. आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसायचो. मावशी बोट वर करायच्या: "गप." मी गप बसायचे. माझ्या आयुष्यातली ती एकमेव जागा, जिथे मला गप बस म्हटलं आणि मी बसले. पहिले काही रविवार मला काहीच ऐकू आलं नाही. मावशी म्हणायच्या, "पान्याकडं नको लक्ष देव, चिखलाकडं दे. पानी चढतं तवा खेकड्याच्या बिलांतनं वारा भायेर येतो. चिखल बोलतो." मग एका रविवारी ऐकू आलं. टप. टप टप. कोणीतरी लांबवर ओठांनी बुडबुडे फोडतंय तसं. मावशी उठल्या, आत गेल्या आणि भात चढवला.

प्लास्टिकच्या डबीने माझं हे जाणं वाचवलं होतं. वाचवलेला तो सगळा वेळ मी कशात घातला, मला आठवत नाही. हे रविवार आठवतात. आता रविवार आला की मला काय करावं तेच सुचत नाही.

गणपतीनंतर मावशी मागच्या पायरीवर शेवाळावरून घसरल्या. गुडघा गेला. त्यांची मुलगी नीता आंबिवलीला राहते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. "तिसऱ्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, आईला तिथेच बरं," ती म्हणाली, आणि ते खरंही होतं. कोपरीचं घर भाड्याने दिलं.

मावशी गेल्यावर मी पत्र लिहिलं. चूक आमच्या पंख्याची, तक्रारदार बाईंचा त्यात काही दोष नाही, "भास" ही नोंद काढून टाकावी. सहीसकट दिलं. कचेरीचं उत्तर आलं: त्याच गल्लीतून, या पत्रानंतरचे, सलग पंधरा दिवसांचे आकडे आणा, मग फाइल पुन्हा उघडू. आधीच्या महिन्यांचं मोजमाप धरलं जाणार नाही. मी वैशाखातच पत्र दिलं असतं तर मावशींच्या खिडकीतून पंधरा काय, शंभर दिवस मिळाले असते.

भाडेकरू भले लोक होते. डबी राहू दे म्हणाले. मी नव्याने मोजणी सुरू केली. आणखी एक गोष्ट तेव्हा बदलली. ही नवी डबी आकड्यांबरोबर आवाजाचे तुकडेही साठवायची, पण तोपर्यंत फक्त मोठ्या आवाजाचे, पुरावा म्हणून. तिला तसं मीच शिकवलं होतं: मोठं तेवढं ठेव, बाकी फेक. म्हणजे इतक्या रविवारांतली एकही भरती माझ्याकडे नव्हती. मिक्सरचे शेकडो तुकडे होते. आता मी तिला सांगितलं, सगळं ठेव.

अकराव्या दिवशी भाडेकरू ताईंचा फोन आला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण ती डबी काढा. आमचं बाळ खिडकीत चढतं, दुपारी तिला हात लावतं. गरम लागते हो ती." मी काय सांगणार? की ती गरम लागते म्हणूनच चांगली आहे? बाळाचा हात होता. त्याच संध्याकाळी जाऊन काढली.

अकरा दिवसांत रविवार एकच होता. त्या रविवारचं सगळं मी हेडफोन लावून ऐकलं आणि त्यातला अर्धा तास मला मिळाला, ज्यात दुसरं काही नव्हतं. नुसतं पाणी. तो मोबाईलवर घेऊन मी आंबिवलीला गेले. मावशी खिडकीशी बसल्या होत्या, गुडघ्यावर शाल. नीताने चहा टाकला. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटले आणि सवयीने बोट वर केलं: गप.

चहा उतू गेला तरी नीता हलली नाही.

बऱ्याच वेळाने मावशींनी हेडफोन काढला.

"सुकती हाय ही."

"काय?"

"पानी उतरतंय. सुलसुल जातंय, ऐक. सुकती हाय." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला समजावत होत्या. "या आवाजावर होडी जायची गो. ह्यो जाताचा आवाज. मना येताचा पायजे."

घरी येऊन मी त्या रविवारची भरतीची वेळ शोधली. सापडली. तिच्यावर भाडेकरूंचा टीव्ही आहे, कुकर आहे, बाळाचं रडणं आहे. खाली चिखल बोलत असेल. मी ऐकू शकत नाही. मावशींना कदाचित ऐकू येईल, पण ते त्यांना न्यायला मला धीर होत नाही.

तर दुसरी ओळ आता लिहिली. अन्याय मी केला. राहिली तिसरी.

कोपरीत खाडीच्या अंगाला, त्या गल्लीत तुमचं घर असेल, तर मला एक खिडकी द्या. सलग पंधरा दिवस द्या. डबी काळी आहे, मुठीत मावेल एवढी आहे, तिच्यात पंखा नाही, ती घोंगावणार नाही. दुपारी हाताला गरम लागेल, घाबरू नका, बाळाच्या हाताला लागणार नाही इतकी उंच मी स्वतः बसवेन. कार्ड न्यायला दर रविवारी येईन आणि पायरीवर बसेन, चहा नाही दिलात तरी चालेल. पंधरा दिवसांचे आकडे कचेरीला जातील आणि त्या कागदावरचा "भास" खोडला जाईल. त्यातला एक रविवार मात्र मावशींचा. त्या दिवशी भरतीच्या वेळेला टीव्ही लावू नका, कुकर चढवू नका, खिडकी सताड उघडी ठेवा, आणि पाणी पूर्ण चढेपर्यंत गप बसा.